कॅलेंडरातल्या लक्ष्मीची कुळकथा

कमळावर उभी, चार हातांची, गोरी, दागिन्यांनी नटलेली लक्ष्मी घरोघरी भिंतीवर असते. देवी पुरातन असली, तरी तिचं हे रूप अगदी अलीकडचं आहे. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या रंगीत शिळाछापांनी देवीला चेहरा दिला आणि घरंदाज बाई कशी दिसावी, हेही त्याच चेहऱ्यावरून ठरत गेलं.

याच छापखान्यात दादासाहेब फाळक्यांनी काम केलं होतं. ‘राजा हरिश्चंद्र’साठी (१९१३) बाई मिळेना, तेव्हा तारामती झाले अण्णा साळुंके. ‘लंकादहन’मध्ये (१९१७) राम आणि सीता दोघंही तेच! इकडे रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणाऱ्या बालगंधर्वांना पाहून बायका साडी नेसायची ढब उचलत होत्या. आदर्श स्त्री हा अंगावर चढवायचा वेष आहे, याचा एवढा ढळढळीत पुरावा डोळ्यांसमोर होता; आपण त्याला फक्त दाद दिली.

तो वेष प्रश्न म्हणून अंगावर घेतला पुष्पमाला एन. यांनी. त्या बंगळुरूच्या, बडोद्यात शिल्पकला शिकलेल्या. २००० ते २००४ या काळात छायाचित्रकार क्लेअर आर्नी यांच्याबरोबर त्यांनी दक्षिण भारतातल्या ‘नेटिव्ह’ स्त्रियांची मालिका केली. रविवर्म्यांची लक्ष्मी त्या स्वतः झाल्या: मागे रंगवलेला पडदा, पायाखाली बनवलेलं कमळ. दुसऱ्या चित्रात त्याच तोडा जमातीतली बाई झाल्या, इंग्रज मानववंशशास्त्रज्ञ माणसं मोजत तशा चौकटींच्या पडद्यासमोर. वर्तमानपत्रात छापून आलेली गुन्हेगार बाईही त्यांनी वठवली. पूजनीय, मोजण्याजोगी, संशयित: तिन्ही जागी बाई एकच, हे मला या मालिकेचं सर्वांत मोठं धाडस वाटतं. एरवी या तिघी कधी एका भिंतीवर येत नाहीत, आणि कसं उभं राहायचं हेही त्यांना कुणी विचारलेलं नसतं. इथे ते बाईनेच ठरवलं.

याच सुमारास पुष्पमाला यांनी मुंबईच्या इंडिया फोटो स्टुडिओत नवरसांची कृष्णधवल मालिका केली. तिचे छायाचित्रकार होते जे. एच. ठक्कर. १९५० च्या दशकात हिंदी सिनेतारकांची झगमगती छायाचित्रं त्यांनीच काढली होती.