कोंढ्याचे वाचक कोणी मोजले?

आमच्या घरात पेपरची एजन्सी दोन पिढ्यांपासून आहे. कोंढा हे भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातले गाव. कोसरा लागूनच असल्याने बाहेरची माणसे कोंढा-कोसरा असे एका दमात म्हणतात. रात्री नागपुरात छापलेला पेपर पहाटे आमच्याकडे उतरतो. बाबांनी हे काम केले, त्यांच्यामागे मी केले, आणि आता माझा पुतण्या मोबाइलवर पवनी तालुक्याच्या बातम्या देतो. त्याला गठ्ठे सोडायचे नसतात, सायकलही लागत नाही. पण बाळशास्त्री जांभेकरांना 1832 साली जी चिंता होती तीच त्याला आहे: आपले लिहिलेले वाचतो कोण, आणि तो उद्या पुन्हा येईल का?

जांभेकरांच्या ‘दर्पण’चा पहिला अंक 6 जानेवारी 1832 रोजी मुंबईत निघाला. आधी पाक्षिक, मे महिन्यापासून साप्ताहिक. पानावर मराठी आणि इंग्रजी स्तंभ शेजारी शेजारी. वर्गणीदार सुमारे 300. साडेआठ वर्षे चालून 1840 मध्ये पत्र बंद पडले. 300 हा आकडा आजच्या माणसाला किरकोळ वाटतो. मला वाटत नाही. एवढ्या घरांशी वर्षानुवर्षे देणेघेणे ठेवणे म्हणजे काय ते हा धंदा केलेल्याला विचारावे. प्रत्येक नाव लिहून ठेवावे लागते, प्रत्येकाचा पत्ता बदलतो, प्रत्येकाकडे एकदा तरी पैशासाठी जावे लागते. त्या काळात वाचक मोजायला वेगळे यंत्र नव्हते. वर्गणीदारांची यादी हीच मोजणी आणि तीच पत्राची पुंजी.

मुंबई-पुण्याबाहेरच्या खेड्यांसाठी खरा बदल पोस्टाने घडवला. 1877 मध्ये व्हीपी, म्हणजे टपाल हाती घेताना पैसे भरण्याची सोय, आली आणि 1880 मध्ये मनीऑर्डर. त्यामुळे पुण्याच्या छापखान्याला दूरच्या खेड्यातल्या मास्तराकडून वर्गणी घेता येऊ लागली. ‘केसरी’ 4 जानेवारी 1881 रोजी सुरू झाला, म्हणजे मनीऑर्डर सुरू झाल्यावर वर्षभरातच. टिळक-आगरकरांच्या लेखणीबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांचे अंक पोचवणाऱ्या आणि वर्गणी परत आणणाऱ्या पोस्टमनबद्दल फारसे कोणी लिहीत नाही. भंडारा तेव्हा मध्यप्रांतात होता. आमच्या भागात अंक येई तो मालगुजाराच्या वाड्यावर किंवा शाळेत, आणि एकाने वाचायचा, दहांनी ऐकायचा अशी रीत होती. बाबा सांगत, त्यांच्या लहानपणीही पेपर मोठ्याने वाचला जाई. मग त्या अंकाचे वाचक किती धरायचे? छापखान्याच्या हिशेबात एक.

वाचक आधीच जमवण्याचे आमच्याच बाजूचे सर्वांत मोठे उदाहरण श्रीधर व्यंकटेश केतकरांचे. रायपूरला जन्मलेल्या आणि अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातून डॉक्टरेट घेतलेल्या या माणसाने मराठीत ज्ञानकोश करायचे ठरवले आणि त्यासाठी नागपुरात चक्क लिमिटेड कंपनी काढली. सरकारचा किंवा एखाद्या संस्थानिकाचा आधार मिळेपर्यंत ते थांबले नाहीत. कंपनीचे भाग विकायचे, खंड छापायच्या आधीच ग्राहक नोंदवायचे, त्यासाठी गावोगाव माणसे पाठवायची, असा तो मार्ग होता. पुढे काम पुण्याला गेले, 1920 पासून खंड निघू लागले आणि ते 23 झाले. 1927 मध्ये केतकरांनी ‘माझे बारा वर्षांचे काम’ या नावाने ज्ञानकोश मंडळाचा इतिहास लिहिला. वाचक जमवणे हे विद्वानाला न शोभणारे काम आहे असे त्यांना कधी वाटले नाही, आणि मला त्यांच्याबद्दल आदर आहे तो मुख्यतः यासाठी. हातात यादी नसती तर ज्ञानकोश त्यांच्या डोक्यातच राहिला असता.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची गोष्ट याहून कठीण. 31 जानेवारी 1920 रोजी ‘मूकनायक’ निघाले, त्याला शाहू महाराजांनी 2,500 रुपयांची मदत केली. 3 एप्रिल 1927 पासून ‘बहिष्कृत भारत’. ज्यांच्यासाठी ते पत्र होते त्यांच्यातल्या बहुतेकांना अक्षरओळख नव्हती आणि वर्गणीला पैसाही नव्हता. संपादकाने स्वतःच रकाने भरायचे, स्वतःच निधीसाठी आवाहन करायचे, असे ते पत्र 1929 पर्यंत चालले आणि पैशाअभावी थांबले. वर्गणीदारांच्या आकड्यावर तोलायचे तर ते पत्र फसले असे म्हणावे लागेल. पण याच भंडारा मतदारसंघातून 1954 मध्ये बाबासाहेब पोटनिवडणुकीला उभे राहिले, तेव्हा खेड्यापाड्यांतली माणसे पायी त्यांच्या सभांना गेली, असे बाबा सांगत. त्यांच्यातल्या किती जणांचे नाव कुठल्या वर्गणीच्या वहीत होते? एखादे पत्र किती खोल गेले आहे, हे त्याच्या खपावरून कळत नाही.

स्वातंत्र्यानंतर मोजणीचे काम संपादकाच्या हातून निघून गेले. 1948 मध्ये मुंबईत ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स स्थापन झाली. जाहिरातदाराला खपाचा तपासलेला आकडा हवा होता. 1956 मध्ये वृत्तपत्र निबंधकांचे कार्यालय सुरू झाले आणि प्रत्येक पत्राला खपाचे वार्षिक विवरण द्यावे लागू लागले. 1970 च्या सुमारास वाचक पाहणी सुरू झाली, कारण एक अंक कितीजण वाचतात हेही जाहिरातवाल्यांना पाहिजे होते. सरकारी जाहिरातींच्या यादीत पत्रांचे अ, ब, क असे वर्ग पडले. आकडा मोठा तर दर मोठा, म्हणून आकडे फुगवण्याचा मोहही तेव्हापासूनचा. वर्गणीदारांची यादी संपादकाच्या टेबलावरून हलली आणि तिच्या जागी एक संख्या आली. 15 डिसेंबर 1971 रोजी ‘लोकमत’ नागपुरातून दैनिक म्हणून सुरू झाले आणि पुढच्या काळात नागपूरच्या पेपरांत गावागावांसाठी चढाओढ लागली. कूपने कापा, तक्त्यावर चिकटवा, भांडी घ्या, बॅग घ्या. अशा योजनांनी घरे वाढत, योजना संपली की त्यांतली पुष्कळ गळत. एजंटाला ते आधीच दिसत असे. नागपूरच्या कार्यालयाला फक्त वाढलेला आकडा दिसे.

कारण नावे आमच्याकडे होती. बाबांची वही लांबट, लाल कापडी बांधणीची. डाव्या हाताला घराचे नाव, पुढे बारा महिन्यांचे रकाने, आणि शेवटी एक कोरी जागा, जिथे ते पेपर बंद होण्याचे कारण लिहीत. धान बुडाले. पोरगा पुण्याला गेला. भरतीची परीक्षा झाली. म्हातारे वारले, घरात दुसरे कोणी वाचत नाही. भाऊभाऊ वेगळे झाले, पेपर मोठ्याकडे. मोबाइल घेतला. हे कारण पुढे पुढे इतके वाढले की मी फक्त ‘मो.’ असे लिहू लागलो. पैसे महिन्याला देणारे म्हणजे नोकरीवाले. शेतकऱ्याची उधारी धान विकल्यावर, दिवाळीनंतर. बाबांच्या वेळी काही घरे पैशांऐवजी धानच देत, तेव्हा रकान्यात रुपयांच्या जागी पायली लिहिलेली असे. एकदा मी बाबांना म्हटले, ‘‘हे बंद झालेले कशाला लिहून ठेवता? जे चालू आहेत त्यांचेच ठेवा.’’ ते म्हणाले, ‘‘जो गेला तो का गेला हे माहीत असलं, तर परत आणता येते.’’ भरतीची तारीख निघाली की ते त्या घरी आपणहून जात. पीक चांगले आले की बुडालेल्या घरी जात. धंदा वाढवायची त्यांची ही एकच रीत होती, आणि ती चालली.

पेपरच्या वाचकांसारखीच आमच्या झाडीपट्टीत नाटकाचे प्रेक्षक जमवायचीही जुनी पद्धत आहे. दिवाळीनंतर मंडई भरते, कुठे शंकरपट होतो आणि रात्रभर नाटक चालते. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या नाटक कंपन्यांचे ठाणे. गावातले मंडळ तिथे जाऊन प्रयोग ठरवते, विसार देते, तिकिटे छापते, आणि पहाटे गल्ला मोजते. मंडळवाले गल्ल्याबरोबर आणखी एक गोष्ट पाहतात: दुसऱ्या अंकानंतर माणसे उठून गेली की सकाळपर्यंत बसली. पुढच्या वर्षी तीच कंपनी आणायची की नाही हे त्यावर ठरते. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा बाहेरच्या जगाला या रंगभूमीची ओळख झाली. पण तिचा प्रेक्षक त्याच्या कितीतरी आधीपासून तिकीट काढून, थंडीत घोंगडी पांघरून बसत आला आहे.

आता पुतण्याच्या कामाकडे येतो. मराठी माणूस इंटरनेटवर लवकर जमला. ‘मायबोली’ ही वेबसाइट 1996 च्या गणेश चतुर्थीला अमेरिकेतून सुरू झाली. त्या काळात पानाच्या तळाशी आकडा फिरत असे, किती वेळा पान उघडले त्याचा. 2005 मध्ये गुगलने आपले ॲनालिटिक्स फुकट खुले केले आणि हा हिशेब कोणालाही करता येऊ लागला. पुतण्या मला तो पडदा दाखवतो. कुठून आले, कोणती बातमी उघडली, किती वेळ थांबले. आताच्या पद्धतीत दहा सेकंदांहून जास्त थांबलेल्या भेटीला गुंतलेली भेट धरतात, हे त्याने सांगितले तेव्हा मला दुसऱ्या अंकानंतर उठून जाणारी माणसे आठवली.

त्या पडद्यावर कोंढा दिसत नाही. गावातला माणूस मोबाइलवर बातमी वाचतो, पण कंपनीचे जाळे ज्या शहरातून बाहेर पडते तिथली नोंद होते. म्हणून आमच्या चौकात बसलेला वाचक नागपूरचा किंवा मुंबईचा म्हणून मोजला जातो. त्यातच खरोखर पुण्या-नागपुरात गेलेली आमची पोरेही असतात. दोघांना वेगळे काढायला पडद्याकडे उत्तर नाही. शिवाय माणूस नसलेल्या, यंत्रांच्या भेटीही त्यात मिसळतात. ऑगस्ट 2020 च्या शेवटी वैनगंगेला महापूर आला, भंडारा शहरात पाणी शिरले आणि गोसीखुर्द धरणाच्या दरवाजांची बातमी जो तो शोधत होता. पुतण्याचा आलेख आभाळाला भिडला. पाणी ओसरले तसा आलेखही ओसरला.

‘‘काकाजी, एवढे लोक आले आणि एकही थांबला नाही,’’ तो म्हणाला.

मी त्याला विचारले, ‘‘आले त्यांच्यातल्या कोणाचं नाव लिहून घेतलंस का?’’

त्याने पुराच्या बातम्यांखाली नोंदणीची जागा ठेवलीच नव्हती. पुढच्या पावसाळ्यापासून त्याने ती ठेवली. धरणातून विसर्ग वाढला की संदेश हवा असेल त्याने नंबर द्यावा, एवढेच. मग धान खरेदी केंद्राच्या तारखा, बोनसची बातमी, पवनीचा बाजार, हे रोज ठरल्या वेळी. आकड्यांवरून त्याने शिकायचे ते शिकून घेतले: अपघाताच्या बातमीला गर्दी एकदाच होते, खरेदीच्या बातमीला तीच तीच माणसे पुन्हा येतात. ती मोजकी माणसे त्याने धरून ठेवली, आणि मग त्यांच्याकडे वर्षाची वर्गणी मागितली. मागताना त्याला संकोच वाटत होता, कारण मोबाइलवर सगळे फुकट मिळते अशी सवय लागलेली. पण पुष्कळांनी दिली. जे देत नाहीत त्यांना तो फोन करून कारण विचारतो आणि लिहून ठेवतो. मला त्याच्या कामातली ही गोष्ट सर्वांत पटली. पडद्यावरचा आकडा जाहिरातवाल्याला दाखवायला ठीक आहे. गावाचे पत्र चालते ते वर्गणीवर, आणि वर्गणी देणाऱ्याला नावाने ओळखावे लागते.

आमच्या तालुक्यात पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर 1969-70 मध्ये उत्खनन झाले. तिथल्या स्तूपाच्या कठड्यांवर दान देणाऱ्यांचे लेख ब्राह्मी लिपीत कोरलेले सापडले. दोन हजार वर्षांपूर्वी कोणी कशासाठी हात सैल केला हे आपल्याला त्यामुळे कळते. पण 1930 साली, 1960 साली कोंढ्यात, अड्याळला, पवनीला पेपर कोण घेत होते हे कळायला फारसा मार्ग उरलेला नाही. वर्तमानपत्रांच्या इतिहासात संपादक आहेत, मालक आहेत, खटले आहेत. वाचकाची नोंद मात्र एजंटांच्या वह्यांत, वाचनालयांच्या पावतीपुस्तकांत, मंडळांच्या तिकिटांच्या स्थळप्रतींत राहिली, आणि ती दर दिवाळीला रद्दीत जाते. पुतण्याची नोंद तर त्याहून कच्ची: 1 जुलै 2023 ला गुगलने जुने ॲनालिटिक्स बंद केले, आणि ज्यांनी आपले आकडे वेळेत उतरवून घेतले नाहीत त्यांचे ते पुढच्या वर्षी गेले.

म्हणून माझी विनंती आहे. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, कुठल्याही गावात तुमच्या घरी पेपर एजन्सीची, वाचनालयाची किंवा नाटक मंडळाची जुनी वही असेल, तर ती विकू नका. कोरी पाने असली तरी ठेवा. जमल्यास पानापानाचे फोटो काढून जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाला द्या. आणि जे आज मोबाइलवर गावाची बातमी देतात त्यांनी आपल्या वर्गणीदारांची यादी महिन्यातून एकदा कागदावर उतरवून ठेवावी.