न छापलेले आकडे

अमुक रोग घराण्यात चालतो असे म्हणणे सोपे. ते मोजून दाखविणे अवघड. कधी हर्षाचा उन्माद, तर कधी खोल खिन्नता असे झोके देणारा जो मनोविकार आज बायपोलर ह्या नावाने ओळखतात, त्याच्या मोजणीचा इतिहास ऐकण्यासारखा आहे. कारण ह्या मोजणीच्या नावावर पुढे जर्मनीत माणसांवर शस्त्रे चालली.

मुख्य अडचण अशी. इस्पितळातील रोग्यांवरून घरे शोधली, तर ज्या घरात कोणीच आजारी पडले नाही ते घर यादीत येतच नाही. दवाखान्याच्या दारात उभे राहून खोकणारे मोजले, तर सारे गिरणगाव क्षयी ठरेल! समजा, एखादा दोष चार मुलांत एकास ह्या प्रमाणात उतरतो, आणि दोन-दोन मुलांची अशी १६ घरे आहेत. सरासरीने ९ घरांत दोन्ही मुले निरोगी, ६ घरांत एक आजारी, १ घरात दोन्ही. आपल्याला दिसणार ७ घरे, १४ मुले. त्यांत आजारी ८, म्हणजे निम्म्याहून अधिक. स्टुटगार्टचा डॉक्टर विल्हेल्म वाइनबेर्ग ह्याने तोड काढली: रोग्याला वगळून त्याची भावंडेच मोजा, आणि दोघेही आजारी असतील तर ते घर दोनदा धरा. मग भावंडे होतात ८, त्यांत आजारी २. चारांत एक हे प्रमाण परत हाती येते.

म्युनिकच्या एर्न्स्ट रूदिनने १९१६ साली, ज्याला आज स्किझोफ्रेनिया म्हणतात त्या विकाराच्या अभ्यासात ही रीत वापरली. १९२२ ते १९२५ ह्या काळात त्याने उन्माद-खिन्नतेची घराणी तपासली. मेंडेलला वाटाण्यात सापडले तसे साधे प्रमाण निघावे, ही त्याची अपेक्षा. ते निघाले नाही. हस्तलिखित पुरे झाले, पण छापले गेले नाही. दडविलेला ताळेबंद काय सांगतो, हे कामगाराला शिकवावे लागत नाही.

रूदिन हा ‘सदोष’ माणसांची संतती रोखावी ह्या मताचा पुढारी. १४ जुलै १९३३ रोजी नाझी सरकारने सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला. त्यात हा विकार नावानिशी घातला होता, आणि कायद्यावरील अधिकृत भाष्याच्या लेखकांत रूदिन होता. निरनिराळ्या कारणांखाली १९४५ पर्यंत सुमारे ४ लाख माणसांची नसबंदी झाली.

ह्या विकारात आनुवंशिकतेचा भाग मोठा आहे, हे खरे. पण तो अनेक जनुकांत थोडाथोडा विखुरलेला आहे. एका जनुकाचा सरळ नियम त्या जुन्या आकड्यांत दिसला नाही, तो ह्याचमुळे.

रूदिन १९५२ साली वारला. त्या हस्तलिखितातील निष्कर्ष छापून जगापुढे आले २०१५ साली.