सारीपाटावरील जय

श्रीमंगेशाची कथा आपल्या समाजात कोणास ठाऊक नाही? कैलासावर सारीपाटाचा डाव पडला, शंकर सर्वस्व हरले आणि कैलास सोडून गोमंतकात आले. ही कथा आपण स्थलमाहात्म्य म्हणून ऐकतो. परंतु तो डाव पार्वतीने जिंकला होता, हे विसरतो. वेरूळच्या शिल्पकारांनी मात्र एकविसाव्या लेण्यात उभयतांचा द्यूतप्रसंग कोरून ठेविला आहे.

पुढे घरोघरी सागरगोटे व कवड्या स्त्रियांकडे राहिल्या, त्या विरंगुळ्यापुरत्या. ईर्षेचा खेळ पुरुषांचा ठरला. १९७४ साली महिलांची पहिली राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा मुंबईच्या वासंती खाडिलकर यांनी जिंकली. १९७६ साली त्यांची धाकटी बहीण रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली, तेव्हा गदारोळ झाला. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. जागतिक संघटनेचे अध्यक्ष माक्स यूव्हे यांनी निर्णय दिला की, स्त्रियांस अशा स्पर्धांतून मज्जाव करता येणार नाही. २०२५ साली नागपूरची दिव्या देशमुख बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली.

आता पट पडद्यावर आला आहे. एप्रिल २०२४ मध्ये पंतप्रधानांनी भेटीस बोलाविलेल्या व्हिडिओ गेमच्या सात खेळाडूंत पायल धारे ही एकटीच स्त्री होती. जोयडा तालुक्यातील गुंदसारख्या गावातील मुलगी मोबाइलवर ईर्षेने खेळू लागली, तर वेळेची मर्यादा अवश्य घालावी. पण ती मुलासही तितकीच असावी. ‘हा मुलींचा खेळ नव्हे’ असे म्हणण्याचा अधिकार मंगेशाच्या भक्तांस तरी नाही, असे आम्हांस वाटते.