खुराड्याचे दार

सायंकाळ झाली, की कोंबड्या आपणहून खुराड्याकडे वळतात. त्यांना हाकावे लागत नाही. अंधारात आपल्याला नीट दिसत नाही, हे जणू त्यांना ठाऊक असते. मात्र खुराड्याचे दार कोंबडीला लावता येत नाही; ते माणसानेच लावावयाचे असते. या दाराचा इतिहास फार जुना आहे आणि तो थेट शुभवर्तमानापर्यंत जाऊन पोहोचतो.

पाळीव कोंबडीचा मूळ वंश आशियातील तांबड्या रानकोंबडीचा. ही रानकोंबडी रात्री झाडाच्या फांदीवर बसते. उंची हेच तिचे संरक्षण. मध्य थायलंडातील बान नॉन वाट येथे सापडलेली हाडे पाळीव कोंबडीची आजवरची सर्वांत जुनी खात्रीची हाडे असून ती इ. स. पूर्व १६५० ते १२५० या काळातील आहेत, असे २०२२ साली प्रसिद्ध झालेले संशोधन सांगते. धान्याच्या ओढीने ती माणसाजवळ आली असावी, असे हेच संशोधक मानतात. अंगण मिळाले, पण झाड सुटले. आता फांदीचे काम खुराड्यातल्या दांडीने आणि उंचीचे काम भिंतीने करावयाचे होते.

हे काम कसे करावे, याचा शास्त्रशुद्ध विचार रोमन लेखकांनी केला. व्हारो याने इ. स. पूर्व ३७ च्या सुमारास, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, शेतीवर ग्रंथ लिहिला. खुराड्याची खिडकी वेताकाठ्यांनी अशी विणावी, की उजेड आत यावा, पण कोंबड्यांचा घात करणारे काहीही आत शिरू नये, असे तो सांगतो. पहिल्या शतकातील कोलुमेला आणखी पुढे जातो. खुराड्याच्या भिंती आतूनबाहेरून गिलावा करून गुळगुळीत कराव्यात, म्हणजे मांजराला वा सापाला वर चढता येणार नाही, असा त्याचा सल्ला आहे. व्हारोची आणखी एक सूचना मला विशेष मोलाची वाटते. राखणदाराने राहावयाची खोलीच अशी असावी, की तिच्या भिंतींत सभोवार कोंबड्यांची घरटी असतील. राखण करणाऱ्याने दुरून राखण करावयाची नाही. ज्यांना राखावयाचे त्यांच्यातच त्याने वस्ती करावयाची.

पुढे सम्राट शार्लमेनच्या जहागिरींसाठी सुमारे इ. स. ८०० मध्ये जी आज्ञापत्रिका निघाली, तिच्यात मोठ्या जहागिरीवर किमान १०० आणि लहान ठिकाणी ५० कोंबड्या असाव्यात, असा दंडक होता. पण कोंबडी खरी गरिबाची. चौदाव्या शतकातील इंग्रज कवी चॉसर याने एका धर्मगुरूच्या तोंडी घातलेल्या कथेत एका विधवेचे अंगण आहे. सभोवार काठ्यांचे कुंपण, बाहेर कोरडा चर, आत एक कोंबडा आणि सात कोंबड्या. तरीही कोल्हा रात्री कुंपणातून शिरतो आणि भाजीच्या वाफ्यात दबा धरून बसतो. १८४४ साली इंग्लंडमधील नॉर्विच येथे चार्ल्स बर्नार्ड याने कापडाच्या मागावरून तारेची जाळी विणण्याचे यंत्र सिद्ध केले, आणि काठ्यांच्या कुंपणाची जागा हळूहळू जाळीने घेतली. साधने बदलली, रोज सायंकाळी दार लागले की नाही याची जबाबदारी मात्र माणसाचीच राहिली.

आता प्रभूच्या भूमीकडे वळू. यहुदियाच्या सखल भागातील मारेशा येथे इ. स. पूर्व चौथ्या ते दुसऱ्या शतकातील कोंबड्यांची हाडे विपुल सापडली आहेत. म्हणजे प्रभू येशूच्या काळी कोंबडी तेथे परकी राहिली नव्हती. त्याच्या श्रोत्यांनी तिला रोज पाहिले होते. संत लूकच्या तेराव्या अध्यायात हेरोद आपल्याला ठार मारू पाहतो, अशी वार्ता येशूला कळते. तो हेरोदाला कोल्हा म्हणतो आणि लगेच पुढे, यरुशलेमसाठी शोक करताना, स्वतःला पिलांना पंखांखाली घेणाऱ्या कोंबडीची उपमा देतो. कोल्हा आणि कोंबडी इतकी जवळ यावीत, हा मला योगायोग वाटत नाही. तो स्वतःला गरुड म्हणवू शकला असता. त्याने असा जीव निवडला, ज्याच्यापाशी शस्त्र नाही, आहेत ते केवळ पंख. पिलांपर्यंत पोहोचावयाचे तर कोल्ह्याला आधी कोंबडीच्या देहावरून जावे लागते.

जैतुनाच्या डोंगरावर बार्लुझ्झी या वास्तुशिल्पकाराने १९५५ साली पूर्ण केलेल्या ‘दोमिनुस फ्लेव्हित’ मंदिरात वेदीच्या दर्शनी भागावर हीच कोंबडी आणि तिची पिले रंगीत खड्यांत साकारली आहेत. वेदीवर ज्या देहाचे अर्पण होते, त्याच्याच खाली ती आहे.

ज्यांच्या हाती इतरांची राखण सोपवलेली आहे, त्या आईबापांनी, शिक्षकांनी आणि आम्हा धर्मगुरूंनी तर विशेषकरून, हा इतिहास आठवावा. शंभर रात्री लावलेल्या दाराची कोणी नोंद ठेवत नाही. कोल्हा मात्र एकाच विसरलेल्या रात्रीची वाट पाहत असतो.