द म्वाव्र यांचे प्रमेय

द म्वाव्र यांचे प्रमेय : सदसत् (सत् व असत् भाग मिळून झालेल्या) संख्यांचे घात व मुळे कोनांच्या साहाय्याने काढण्याचे मूलभूत प्रमेय. न हा पूर्णांक असल्यास (कोज्या थ + √−१ ज्या थ) या संख्येचा न-वा घात (कोज्या नथ + √−१ ज्या नथ) इतका असतो, असे ते सांगते. आब्राआम द म्वाव्र (१६६७–१७५४) यांच्या नावाने ते ओळखले जाते.

ऋण संख्या हा कशाचाही वर्ग नसल्याने तिला वर्गमूळ नाही, असे दुसरे भास्कराचार्य यांनी बाराव्या शतकात बीजगणित या ग्रंथात म्हटले होते. वर्गसमीकरणापुरते हे पुरेसे होते. कारण अशा वेळी समीकरणास बीज नाही, असे म्हणून थांबता येत असे. त्रिघाती समीकरणात मात्र तसे थांबता येईना. जेरोलामो कार्दानो यांनी आर्स माग्ना (१५४५) या ग्रंथात प्रसिद्ध केलेले सूत्र क्ष³ = १५ क्ष + ४ या समीकरणास लावल्यास २ + ११√−१ व २ − ११√−१ यांच्या घनमुळांची बेरीज येते. प्रत्यक्षात ४ हे या समीकरणाचे बीज असल्याचे सहज पडताळता येते; उरलेली दोन बीजे −२ ± √३ हीही सत् आहेत. म्हणजे तिन्ही बीजे सत् असतानाच सूत्र असत् राशींतून जाते. राफाएल बोंबेल्ली यांनी १५७२ मध्ये २ + √−१ चा घन २ + ११√−१ येतो हे दाखवून ४ हे उत्तर मिळविले. तथापि हे घनमूळ बैजिक रीतीने काढू गेल्यास पुन्हा त्रिघाती समीकरणच सोडवावे लागते. त्यामुळे मूळ अडचण कायम राहिली.

फ्रांस्वा व्ह्येत (१५४०–१६०३) यांनी त्रिकोणमितीचा मार्ग दाखविला. वरील समीकरणात क्ष = २√५ कोज्या थ असे मानल्यास, तिप्पट कोनाच्या सूत्रावरून कोज्या ३थ = २/(५√५) मिळते. यावरून ३थ सु. ७९° ४२′ व थ सु. २६° ३४′ येतो आणि क्ष = ४ मिळते. थ मध्ये १२०° व २४०° मिळविले की उरलेली बीजे मिळतात. आड्रियान व्हान रोमेन यांनी १५९३ मध्ये मांडलेले ४५ घातांचे समीकरण हे कोनाच्या ४५ समान भागांचेच रूप आहे, हे ओळखून व्ह्येत यांनी त्याची २३ धन बीजे काढली.

द म्वाव्र यांनी १७०७ व १७२२ मधील निबंधांत या दोन मार्गांचा संबंध उघड केला. मात्र प्रमेयाचे प्रचलित रूप त्यांनी स्वतः लिहिले नाही. ते लेओनार्ट ऑयलर यांच्या १७४८ च्या ग्रंथात आढळते. २ + ११√−१ चे परिमाण ५√५ व कोन सु. ७९° ४२′ आहे. परिमाणाचे घनमूळ √५ घेऊन कोनास ३ ने भागल्यास बोंबेल्ली यांची २ + √−१ हीच संख्या मिळते. कोनात ३६०° व ७२०° मिळवून भागल्यास उरलेली दोन घनमुळे मिळतात. विद्यार्थी न-वे मूळ काढताना पुष्कळदा ही भर विसरतो आणि न मुळांपैकी एकच त्याच्या हाती लागते.

कास्पर व्हेसेल (१७९९) व झां रॉबेअर आरगां (१८०६) यांनी सदसत् संख्या प्रतलावरील बिंदूंनी दाखविल्या. या निरूपणात गुणाकार म्हणजे परिमाणांचा गुणाकार व कोनांची बेरीज ठरते आणि प्रमेयाचा भूमितीय अर्थ स्पष्ट होतो. एकाची न-वी मुळे एकक वर्तुळावर समान अंतरांवर येतात. न हा २ पेक्षा मोठा असल्यास ती सुसम बहुभुजाचे शिरोबिंदू होतात.