मुळशीत दवाखान्यासाठी जागा घेताना : भाड्याआधी काय बघावं?

घरातली मुलगी बीडीएस झाली, मुलगा एमबीबीएस किंवा बीएचएमएस झाला की पुढचा प्रश्न लगेच येतो : दवाखाना कुठे टाकायचा? पुणे शहरातल्या गाळ्यांची भाडी झेपत नाहीत, म्हणून अनेकांची नजर मुळशी तालुक्याकडे वळते. अब्बूंच्या निवृत्तीचे पैसे, अम्मीचे दागिने, मोठ्या भावाची बचत, सगळं एका गाळ्यात जातं. जागा चुकली तर नुकसान एकट्या डॉक्टरचं होत नाही. म्हणून आमचं सांगणं एवढंच, की भाड्याचा आकडा सगळ्यात शेवटी बघा.

तालुका एक, पेशंट तीन तऱ्हेचे

हिंजवडी, माण, मारुंजी या पट्ट्यात राजीव गांधी इन्फोटेक पार्क आहे. इथला नोकरदार पेशंट संध्याकाळी उशिरा किंवा सुट्टीच्या दिवशीच मोकळा होतो. पौड रस्त्यावर भूगाव, भुकूम, पिरंगुट भागात नव्या सोसायट्या आहेत आणि कारखान्यांतले कामगारही आहेत. तिथे शिफ्ट सुटायच्या वेळा बघाव्या लागतात. पौड हे तालुक्याचं गाव. तहसील कचेरीत आलेला माणूस जाता जाता दवाखान्याचंही काम उरकतो, पण त्याला परतीची गाडी गाठायची असते.

त्यामुळे जागा एकदा बघून ठरवू नका. कामाच्या दिवशी सकाळी, संध्याकाळी सातच्या सुमारास आणि रविवारी अशी तीनदा जाऊन उभे राहा. जमलं तर भर पावसातही एक चक्कर मारा. दारात पाणी साचतं का, रिक्षा थांबते का, दुचाकी लावायला जागा आहे का, हे तेव्हाच कळतं.

कागद आधी, टोकन नंतर

मुळशीत परवानगी देणारं कार्यालय सगळीकडे एकच नाही. २०१५ पासून पीएमआरडीए आहे. सूस, म्हाळुंगे आणि बावधन बुद्रुक २०२१ मध्ये पुणे महापालिकेत गेली. औद्योगिक क्षेत्रात एमआयडीसी आहे. आपली इमारत कुणाच्या हद्दीत येते, हे आधी विचारा.

मालक ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा उतारा दाखवतो आणि आपण समाधानी होतो. पण घरपट्टी भरली म्हणजे बांधकाम मंजूर आहे, असं होत नाही. मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र मागा. नकाशात ती जागा दुकान म्हणून आहे की पार्किंग म्हणून, ते बघा. फ्लॅट असेल तर सोसायटीचं म्हणणं लेखी घ्या. रस्तारुंदीकरणाची रेषा गाळ्यावरून जाते का, हेही विचारून घ्या. सातबाऱ्यावर चार भावांची नावं असतील आणि करारावर एकच भाऊ सही करणार असेल, तर वकिलाला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दवाखाना उचलून नेता येत नाही

कपड्याचं दुकान महिन्याभरात दुसरीकडे हलवता येतं. दाताच्या दवाखान्याचं तसं नाही. डेंटल चेअरला पाणी, सांडपाणी, हवेची नळी आणि वीज लागते आणि हे सगळं बहुधा फरशीखालून जातं. ड्रेनेज लांब असेल तर उतार मिळवायला फरशी उंच करावी लागते. कॉम्प्रेसर ठेवायला बाल्कनी किंवा मागची मोकळी जागा हवी, नाहीतर दिवसभर घरघर. बोअरचं पाणी जड असेल तर ऑटोक्लेव्हमध्ये क्षार साचतात. उन्हाळ्यात टँकर मागवावा लागतो का, हे शेजारच्या दुकानदाराला विचारा. वीज किती वेळा जाते, तेही तोच खरं सांगेल.

परवानग्यासुद्धा पत्त्याला चिकटलेल्या असतात. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे छोट्या दवाखान्यालाही महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची मान्यता लागते. असा कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, म्हणून कचरा नेणारी गाडी तिथवर येते का, ते बघा. एक्स-रे मशीनला एईआरबीची परवानगी हवी. सोनोग्राफीची नोंदणी १९९४ च्या पीसीपीएनडीटी कायद्याखाली होते. पेशंट भरती करायचे असतील तर १९४९ च्या नर्सिंग होम कायद्याची नोंदणी लागते. जागा बदलली की या कागदांसाठी पुन्हा धावपळ.

पेशंटच्या पायांनी चाला

गाळ्याला प्रत्येकी सहा इंचांच्या तीन पायऱ्या असतील तर उंची दीड फूट होते. व्हीलचेअरच्या उतारासाठी एकास बारा हे प्रमाण धरतात, म्हणजे अठरा फूट लांब रॅम्प हवा. तेवढी जागा समोर आहे का? वरच्या मजल्यावर जायचं असेल तर गुडघे दुखणारी आजी तिथे पोहोचेल का?

तपासणीची खोली नुसत्या पडद्याने वेगळी करू नका. भिंत छतापर्यंत असावी, बोलणं बाहेर ऐकू जाता कामा नये. बाया आपलं दुखणं मोकळेपणी सांगतात ते अशाच खोलीत. पेशंटसाठी स्वच्छ संडासही हवा. डॉक्टर मुलगी असेल तर रात्री शटर ओढताना रस्त्यावर दिवे आणि वर्दळ असते का, तेही बघा.

करारात काय लिहावं

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. अकरा महिन्यांच्या करारावर फरशी फोडणं म्हणजे दुसऱ्याच्या घरात पैसे पुरणं. तीन ते पाच वर्षांची मुदत, दरवर्षीची वाढ, फरशी आणि नळाच्या कामाची परवानगी, मुदतीआधी जागा खाली न करायला लावण्याचं बंधन आणि डिपॉझिट परतीची तारीख, हे सगळं लिहून घ्या. भाडं कमी म्हणून मोठं डिपॉझिट देताना जागेवर बँकेचा बोजा आहे का, ते तपासा. मालक जीएसटीत नोंदलेला असेल तर भाड्यावर १८ टक्के कर लागतो. आरोग्यसेवा करमुक्त असल्याने डॉक्टरला त्याचा परतावा मिळत नाही, म्हणून तो धरूनच हिशेब करा.

एवढं सगळं जुळलं, की मग भाड्याची घासाघीस करा. आणि मालक कागद दाखवायला टाळाटाळ करत असेल, तर गाळा कितीही मोक्याचा असला तरी सलाम करून परत या.