बाजाचा घास आणि आपलं खुराडं



मागच्या पावसाळ्यात आमच्या गटाच्या बैठकीत बचतीच्या आधी पिलांचाच विषय निघाला. एका ताईची अकरा पिलं शिकऱ्यानं आठ दिवसांत नेली होती. कोंबड्या गटाच्या कर्जातून घेतलेल्या, हप्ता डोक्यावर. ती रागानं म्हणाली, "मेलेल्या पिलाले औषध लावून ठेवतो, मरू दे त्याले." तेव्हा एक म्हातारी आजी बोलली, "अवं, जुन्या काळी लोक शिकरा पाळत. मंग त्याह्यच्या कोंबड्या कशा वाचत?"

आम्ही या प्रश्नाच्या मागे लागलो.

आपलं वऱ्हाड १५९६ साली अकबर बादशहाच्या राज्यात गेलं. अचलपूर, म्हणजे तेव्हाचं एलिचपूर, हे सुभ्याचं मोठं शहर. अबुल फजलनं 'आईन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याची माहिती दिली, तसाच दरबारातल्या शिकारी पक्ष्यांचा हिशेबही लिहिला. बाजाला सात दाम मांस, शिकऱ्याला दोन दाम. दाम म्हणजे तांब्याचं नाणं, वजन साधारण २१ ग्रॅम. म्हणजे बाजाला दीडशे ग्रॅमच्या आसपास आणि शिकऱ्याला चाळीस. त्या हिशेबात बाजाचा घास आहे, पण खुराडं सांभाळणारी बाई नाही.

बाज श्रीमंतांचा, डोंगराळ मुलखातून आणलेला. शिकरा मात्र आपल्याच निंबाच्या झाडावरचा, लवकर शिकणारा. तितर-लाव्ह्यांवर त्याला सोडत. या पक्ष्यांत मादी नरापेक्षा मोठी, म्हणून शिकारीला तिलाच मान. जुन्या शिकाऱ्यांच्या बोलीत बाज आणि शिकरा ही मादीची नावं. नर म्हणजे जुर्रा आणि चिपका.

हा पक्षी माया लावून येत नाही, तो भुकेपोटी हातावर येतो. म्हणून शिकारीआधी त्याचा घास मोजून कमी करत. पायात चामड्याची वादी असे आणि बसायला अड्डा. नव्या पक्ष्याच्या पापण्या दोऱ्यानं शिवून ठेवायचीही रीत होती. वाचताना आमच्याच अंगावर काटा आला. एकदा का त्यानं घरची कोंबडी मारली, की सोपी शिकार म्हणून तो पुन्हा तिच्याकडेच वळे. म्हणून पाळणारा पक्षी बांधून ठेवी आणि कोंबड्या त्याच्या नजरेआड ठेवी. आजीच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच: दोघांची मैत्री कधीच नव्हती, मधे आडोसा होता.

आडोसा तर आपणही करू शकतो. शिकरा कबुतराएवढा, तो पिलं उचलतो. मोठी कोंबडी त्याला झेपत नाही. म्हणजे सांभाळायचे ते पहिले दीड-दोन महिने. आम्ही अंगणात पऱ्हाट्यांचा बुटका मांडव घातला, वर जुनी जाळी टाकली आणि लहान पिलं डाल्याखाली ठेवली. कोंबडाही विकला नाही. आभाळातला शत्रू दिसला तर त्याची हाक वेगळी, जमिनीवरचा दिसला तर वेगळी. ती हाक ऐकली की पिलं मांडवाखाली पळतात.

औषध लावायचं मात्र आम्ही होऊ दिलं नाही. ते पिलू गावातलं कुत्रं खाईल, एखादं लेकरू हात लावेल. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकऱ्याला मारणं, पकडणं किंवा पाळणं गुन्हा आहे. आणि तोच शिकरा वावरातले उंदीर, सरडे, टोळही खातो.

त्या ताईच्या पुढच्या उबवणीत बारांपैकी नऊ पिलं मोठी झाली आणि हप्ता फिटला. आम्ही गटाच्या वहीत एक नवं पान केलं: पिलं किती निघाली, किती गेली, कशानं गेली. बाजाचा घास दरबारानं लिहून ठेवला, तर आपल्या खुराड्याचा हिशेब आपणच लिहू. तुमच्या गटाच्या वहीतही असं एक पान असू द्या.